दुपारची इंगळूण

क्रिटमध्ये, म्हणजे शिक्षक-परीक्षकांसमोर काम मांडतो त्या चर्चेत, मिळालेले शेरे त्याच रात्री वाचू नयेत, असं आमच्या हॉस्टेलवरच्या सीनियर मुली सांगतात. रात्र जाऊ द्यावी, डोकं शांत झालं की वही उघडावी. मला हे पटलेलं नाही. एक रात्र गेली की शेरा बदललेला असतो. आपणच तो झोपेत मऊ करून, आपल्याला झेपेल असा करून घेतलेला असतो. ‘यात गाडी सापडत नाही’ याचं सकाळपर्यंत ‘अक्षर जरा मोठं हवं’ असं होतं आणि मग आठवडाभर आपण अक्षर मोठं करत बसतो. म्हणून त्या शनिवारी जेवायला जायच्या आधीच मी वही उघडली. सगळे शेरे, ज्याने जे शब्द वापरले त्याच शब्दांत, एका कोऱ्या कागदावर उतरवले आणि तो कागद टेबलासमोरच्या भिंतीला लावला. पुढच्या शनिवारी दुरुस्त काम पुन्हा दाखवायचं होतं.

मी पुण्यात कम्युनिकेशन डिझाइन शिकते. या सत्रात आम्हाला सार्वजनिक माहितीचा एखादा फलक निवडून तो नव्याने मांडायचा होता. अट अशी की त्या फलकासमोर आपण स्वतः कधीतरी गरजेपोटी उभे राहिलेलो असलो पाहिजे. कोणी पॅथॉलॉजी लॅबचं दरपत्रक घेतलं, कोणी रेशन दुकानातला साठ्याचा फलक. मी जुन्नरच्या एसटी स्थानकातलं वेळापत्रक घेतलं. माझं आजोळ त्या तालुक्यात आहे. लहानपणीच्या प्रत्येक मे महिन्याची सुरुवात त्या स्थानकातून झालेली आहे. आई पिशव्यांपाशी उभी राहायची आणि मला म्हणायची, ‘जा, गाडी बघून ये.’ तेव्हा मी गाडी बघायला गेले की फलकाकडे न जाता सरळ चौकशीच्या खिडकीशी जायचे, हे मला या प्रकल्पाच्या निमित्ताने आठवलं.

एसटी या विषयाबद्दल मला माया आहे हे आधीच सांगून टाकते. १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला पहिली गाडी सुटली, तिथून हा सगळा पसारा सुरू झाला. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यापर्यंत गेलेली गावं आहेत. तिथल्या मुलीने कॉलेजला जायचं की नाही, हे सकाळच्या गाडीवर ठरतं. एखाद्या बाळंतिणीला तपासणीला कधी आणायचं, हे परतीच्या गाडीवर. त्यामुळे वेळापत्रक हा माझ्या लेखी फार मोठा मजकूर आहे, आणि तो मांडायला मिळणं ही जबाबदारीची गोष्ट.

पहिल्या क्रिटला मी जे घेऊन गेले ते दिसायला देखणं होतं. उभा फलक, भरपूर मोकळी जागा, बारीक शिरोरेषेचं अक्षर. गावांची नावं वर्णानुक्रमाने, समोर चोवीस तासांच्या पद्धतीने वेळा, शेवटच्या रकान्यात ‘मार्गे’. बाहेरून आलेले एक परीक्षक बराच वेळ काही न बोलता बघत होते. मग म्हणाले, “मला इंगळूणला जायचंय. आत्ता दुपारचे दोन वाजलेत. गाडी कधी आहे?” त्यांनी स्वतःच शोधायला सुरुवात केली. ‘इ’पाशी बोट नेलं, तिथे इंगळूण नव्हतं. माझ्या मांडणीत गाडी तिच्या शेवटच्या थांब्याच्या नावाने होती आणि इंगळूण ‘मार्गे’च्या रकान्यात, बारीक अक्षरात. बोट वर गेलं, खाली आलं. सगळा वर्ग त्या बोटाकडे बघत होता. शेवटी ते वळून म्हणाले, “चौकशीची खिडकी कुठे आहे?”

बाकीचे शेरे याच्या पुढचे. आमच्या मॅडम म्हणाल्या, वेळा दिसत नाहीत, आकडे दुप्पट कर. परीक्षक म्हणाले, ‘ल’ आणि ‘श’ कुठल्या वळणाचे आहेत ते बघ. तिसऱ्या सरांचं म्हणणं, प्रत्येक दिशेला एक रंग दे, मेट्रोच्या नकाशासारखा. आणि मॅडमनी जाता जाता सांगितलं, लायब्ररीत जाऊन जुनी पंचांगं काढून बघ. हे शेवटचं तेव्हा मला कळलंच नव्हतं.

रविवारी मी भिंतीवरच्या कागदावर प्रत्येक शेऱ्याच्या मधून एक रेघ मारली. डावीकडे, या माणसाला काय दिसलं. उजवीकडे, याने काय करायला सांगितलं. ‘वेळा दिसत नाहीत’ हे दिसलेलं. ‘आकडे दुप्पट कर’ हा उपाय. हे दोन वेगळे ठेवणं मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि आमच्याकडे ते क्वचित होतं. शिकवणाऱ्या माणसाची नजर तयार असते. कुठे अडखळायला होतं ते त्याला झटकन कळतं, आणि त्यावर आपण वाद घालू नये. पण उपाय तो उभ्या उभ्या सुचवतो. त्याच्याकडे पाच मिनिटं असतात, आपल्याकडे आठवडा. त्या पाच मिनिटांतला उपाय जसाच्या तसा उचलणं यात मला आदर दिसत नाही. आदर करायचा तर त्याला जे दिसलं ते आपल्याला दिसेपर्यंत काम करावं.

तरीही मी आकडे दुप्पट करून बघितले, कारण न बघता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. प्रिंट काढून हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये लावली आणि लांब जाऊन उभी राहिले. इंग्रजी पाट्या करणाऱ्यांत एक ढोबळ हिशेब आहे, दहा फुटांवरून नीट वाचायचं तर अक्षर एक इंचाचं हवं. देवनागरीला तो हिशेब तसाच लावता येत नाही. एकाच आकड्याच्या पॉइंट साइझमध्ये आपलं अक्षर लहान दिसतं, कारण वर मात्रा-रफारांना आणि खाली उकार-ऋकारांना जागा राखावी लागते. म्हणून ते थोडं मोठंच धरावं लागतं. मी मोठं धरलं. आकडे लांबूनही स्वच्छ दिसू लागले. आणि इंगळूणची गाडी तरीही सापडेना. उलट आता फलकभर नुसते आकडेच ओरडत होते आणि गावं त्यांच्या मागे दबली होती. वेळ आधी शोधतो कोण? माणूस आधी आपलं गाव शोधतो, ते सापडलं की वेळेकडे जातो. मॅडमना वेळा दिसत नव्हत्या याचं कारण त्या वेळांपर्यंत पोचायला वाटच नव्हती.

सोमवारी पुण्यातल्या वाकडेवाडी स्थानकातून गाडी पकडून मी जुन्नरला गेले.

स्थानकात दिवसभर बसून राहणं हा अभ्यासाचा भाग आहे हे आजीला पटवणं जरा कठीण गेलं. दुपारी ती डबा घेऊन तिथेच आली आणि माझ्याशेजारी बाकावर बसली. त्यामुळे झालं असं की मी नुसती बघत होते आणि आजी लोकांशी बोलत होती, आणि जे मला बघून कळलं नसतं ते तिच्या बोलण्यातून कळत गेलं. फलकासमोर येणाऱ्यांत बायका खूप. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि त्याच्या आधी, २६ ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास. पूर्वी घरातल्या पुरुषाबरोबर निघणारी म्हातारी आता एकटी निघते. म्हणजे माझा वाचक बदलला होता. त्याचा चष्मा पिशवीत तळाशी असतो, एका हाताला नातवंड असतं, आणि मान वर करून बघायला त्रास होतो.

पण त्याहून मोठी गोष्ट ही की फलक वाचणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ. एक कॉलेजचा मुलगा फलकासमोर उभा राहिला की त्याच्याभोवती चार जणी येतात. “बाळा, मढची हाय का रं आता?” तो वाचतो आणि सांगतो. तो काय सांगतो ते मी लिहून घेत होते. फलकावर १४.३० असेल तर तो मनात हिशेब करतो आणि मोठ्याने म्हणतो, “अडीचला.” १९.४५ असेल तर “पावणेआठ.” चौदा तीस असं एकदाही कोणी म्हणालं नाही. आणि गाडीला लोक काय म्हणतात? ‘सकाळची घाटघर.’ ‘दुपारची इंगळूण.’ ‘मुक्कामी मढ.’ दिवसाचा वेळ आधी, मग गाव. एवढं नाव पुरतं. अडीचची का पावणेतीनची हे त्यांना फक्त खात्रीसाठी हवं असतं.

इथून पुढची मांडणी मला तिथेच बाकावर सुचली, आणि ती आजीच्या डब्याच्या कागदी पिशवीवर मी काढली. फलकाचे दिवसाप्रमाणे उभे भाग करायचे: सकाळ, दुपार, संध्याकाळ, मुक्कामी. वेळ त्या भागाच्या आत बारा तासांच्या पद्धतीने. आणि आडव्या ओळी गावांच्या, पण वर्णानुक्रमाने लावलेल्या नव्हेत. रस्त्याप्रमाणे.

वर्णानुक्रमाचा हट्ट मी का धरला होता याचा विचार करते तेव्हा मला शब्दकोश आठवतो. वर्णानुक्रम हा बसून वाचणाऱ्याचा क्रम आहे. उभ्या माणसाला आपल्या गावाच्या आधी आणि नंतर कुठलं गाव लागतं हे ठाऊक असतं. आपटाळे, मग चावंड, मग घाटघर. दुसऱ्या रस्त्याला ओतूर, डिंगोरे, मढ, आणि पुढे माळशेज उतरून कल्याणकडे. तिसरीकडे नारायणगाव, आळेफाटा, बेल्हे, आणे. रस्ता धरून गावं लिहिली की ‘मार्गे’ हा रकानाच लागत नाही. घाटघरची गाडी आपटाळ्याच्या ओळीतही येते, चावंडच्या ओळीतही. मधल्या गावाच्या माणसाला दुसऱ्याच्या गावाचं नाव घेऊन आपली गाडी शोधावी लागत नाही. या एका गोष्टीचं मला त्या दिवशी मनापासून समाधान वाटलं. कड्याखालच्या वाडीतल्या माणसाचं गाव कधीच शेवटचा थांबा नसतं. त्याचं नाव कायम बारीक अक्षरात, ‘मार्गे’मध्ये. माझ्या फलकावर ते बाकीच्या गावांच्या मापाचं आहे.

घाटघरवरून आठवलं. त्याच रस्त्याने पुढे नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना, ब्राह्मी लिपीतला. यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दानांची ती यादी आहे: गायी, घोडे, कार्षापण नावाची नाणी, आणि प्रत्येकापुढे आकडा. भारतातल्या अगदी जुन्या अंकचिन्हांत त्या आकड्यांची गणना होते. शून्य नाही, शंभराला, हजाराला स्वतंत्र चिन्हं. बाबांनी लहानपणी मला ते लेणं दाखवलं होतं तेव्हा त्यात नुसत्या पुसट रेघा दिसल्या होत्या. आता मला ती यादी दिसते. आमच्या तालुक्यात कोणीतरी वस्तू आणि संख्या यांची ओळीने मांडणी दगडात केली, आणि तीही हमरस्त्यावर, घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर. माझ्या फलकाशी याचा सरळ संबंध नाही हे मला कळतं. पण त्या सोमवारी परतताना मी याच विचारात होते, आणि त्याने मला बळ दिलं.

मंगळवार आणि बुधवार अक्षरांत गेले. इथे सांगण्यासारखं खूप आहे, कारण देवनागरीत तक्ता करायला बसलं की अडचणी एकेक करून समोर येतात आणि त्या शिकवायला इंग्रजी पुस्तकं कामाची नाहीत.

पहिली अडचण ओळींमधल्या अंतराची. वरच्या ओळीत ‘जुन्नर’ असेल आणि बरोबर खाली ‘खिरेश्वर’, तर वरचा उकार आणि खालची मात्रा एकमेकांना जाऊन भिडतात. लांबून बघणाऱ्याला मग मात्रा कोणाची, उकार कोणाचा हे कळत नाही. अंतर वाढवावं तर फलकावर गावं मावत नाहीत. मी ओळींच्या मध्ये बारीक रेघा होत्या त्या काढून टाकल्या आणि ती जागा मात्रांना दिली. आपल्या अक्षराला शिरोरेषा असतेच. ती ओळ धरून ठेवते. वर पुन्हा रेघ मारणं म्हणजे डोळ्याला दोन रेघा देणं. हे माझं मत मी क्रिटमध्येही ठामपणे मांडलं.

दुसरी, जाड अक्षराची. फलकासाठी जाड वजनाचा फाँट घ्यावासा वाटतो. पण ‘ध’ची आणि ‘भ’ची ओळख म्हणजे शिरोरेषेतली मोकळी फट, आणि जाड अक्षरात ती फट भरत जाते. मग ‘धामणखेल’ आणि ‘घाटघर’ यांची सुरुवात सारखीच दिसते. वर्गात हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण वर्गात आपण तीन फुटांवरून बघतो. मी वजन एक पायरी उतरवलं आणि आकार थोडा वाढवला. आकड्यांचंही तसंच. १ आणि ९ लांबून जुळी भावंडं, त्यामुळे ९ ची गाठ मोकळी असलेला फाँट शोधण्यात एक आख्खी संध्याकाळ गेली. शिवाय पुष्कळ फाँटांत आपले आकडे सारख्या रुंदीचे नसतात. वेळा एकाखाली एक लावल्या की उभा रकाना डुगडुगतो. मी प्रत्येक आकडा एकाच मापाच्या चौकटीत हाताने बसवला.

आणि ‘ल’, ‘श’. परीक्षकांनी विचारलं होतं त्याचा अर्थ फाइल उघडल्यावर कळला. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेचा निर्णय काढला आणि २०२२ मध्ये तो सुधारला. मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिलेले आहेत. माझ्या फाँटात ही दोन्ही वळणं होती, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नेमली नव्हती, म्हणून ते हिंदीचं वळण उचलत होतं. भाषा बदलली आणि एका क्षणात सबंध फलकावरचे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या घरचे झाले. हे ज्यांना माहीत नाही अशा मराठी डिझायनरांनी आजच आपल्या फाइली तपासाव्यात असं मी कळकळीने सांगेन. पानं मांडायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर परिच्छेदाला त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्यायही लावा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि ‘लेण्याद्री’चे तुकडे होतात. मंगल या फाँटचं नाव आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? तो करणारे र. कृ. जोशी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवत. संगणकावर देवनागरी नीट उमटावी म्हणून त्यांच्यासारख्यांनी जी मेहनत केली, तिच्यावर आम्ही आज उभे आहोत. निदान भाषेचा पर्याय निवडण्याचे कष्ट तरी आमच्या पिढीने घ्यावेत.

गुरुवारी लायब्ररीत पंचांगं काढली. मॅडमचा तो शेरा मला उगाच वाटला होता. पहिली दोन पानं उलटल्यावर मी खुर्ची ओढून नीट बसले. गणपत कृष्णाजींनी १८४१ मध्ये पहिलं छापील मराठी पंचांग काढलं, शिळाछापावर. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा काळ आला. छापखान्यांनी मराठीत तक्ता कसा मांडायचा हे शिकून घेतलं ते मोठ्या अंशी या पंचांगांवर. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, प्रत्येकाचा रकाना, प्रत्येकापुढे घटका-पळांचे आकडे, आणि हे सगळं तळहाताएवढ्या रुंदीत. वार लिहायला एक अक्षर: र, चं, मं, बु, गु, शु, श. एवढ्यावर काम चालतं, कारण वाचणाऱ्याला क्रम पाठ आहे.

मला त्यात क्रमाचं महत्त्व दिसलं. पंचांगाचे रकाने वर्षानुवर्षं हलत नाहीत. १९७३ साली कालनिर्णय आलं, भिंतीवर टांगलं गेलं, आणि आज माझी आई त्यात न शोधता एकादशीवर बोट ठेवते. तिला ती जागा माहीत आहे. तक्ता वाचला जातो तो एकदाच, पहिल्या वेळी. नंतर तो आठवला जातो. मग मी जुन्नरच्या स्थानकातल्या रंगवलेल्या फलकाचे माझे फोटो पुन्हा उघडले. पेंटरने गावं कुठल्या क्रमाने लिहिली होती हे मी पहिल्या वेळी बघितलंसुद्धा नव्हतं, मला तो क्रम विस्कळीत वाटला होता. ती गावं पुष्कळशी रस्त्याप्रमाणेच होती. कोणता रस्ता वर, कोणता खाली, हेही रोजच्या प्रवाशांना पाठ असणार. मी माझ्या मांडणीतले रस्ते हलवून त्याच क्रमाने लावले. नव्या फलकासमोर रोजचा माणूस उभा राहिला तर त्याचं बोट जुन्या सवयीने जिथे जाईल, तिथेच त्याचं गाव असलं पाहिजे. नवं काहीतरी करून दाखवायची ओढ डिझाइन शिकताना फार असते, आणि ती असावीही. पण ही जागा तिची नव्हती.

रंगांचा शेरा मी घेतला नाही. त्यातलं दिसलेलं मी घेतलं: दिशा वेगळ्या कळत नाहीत. ते रस्त्यांच्या गटांनी आणि दोन गटांतल्या मोकळ्या जागेने सुटलं. रंग न घेण्याची कारणं मी सरांना सांगायला लिहून ठेवली. बराच काळ उन्हात राहिलेल्या पाटीवरचा लाल आधी उडतो. ‘हिरव्या दिशेची गाडी’ असं जुन्नरमध्ये कोणी म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. आणि एखादी वेळ बदलली की फलक स्थानकातलाच माणूस दुरुस्त करणार, त्याच्या हाताशी चार रंगांचे डबे असतील असं धरून चालता येत नाही.

हा आठवडा एकटीचा नव्हता. माझी रूममेट टेक्सटाइलला आहे. तिच्या क्रिटमध्ये विणकामाचा पूर्ण नमुना उसवायला सांगितलं होतं. ती रात्री खाली बसून उसवत असायची आणि मी तिला माझा फलक मोठ्याने वाचून दाखवायचे. हे मी स्थानकात शिकले होते. फलक मोठ्याने वाचता आला पाहिजे. ‘दुपार, इंगळूण, अडीच.’ जिथे जीभ अडली तिथे मांडणीत काहीतरी अडलेलं असायचं. ती मूळची विदर्भातली, तिने जुन्नर पाहिलेलं नाही. म्हणून तिला विचारायचे, अमुक गावाला संध्याकाळी जायचं तर? ती उसवता उसवता मान वर करायची आणि सांगायची. शुक्रवारी रात्री ती सगळं सांगू लागली तेव्हा मी प्रिंटला दिलं.

शनिवारी परीक्षकांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला नाही. त्यांनी वर्गातल्या दुसऱ्याच मुलाला पुढे बोलावलं आणि त्याला म्हणाले, “तुला संध्याकाळी चावंडला जायचंय.” तो मुलगा कोल्हापूरचा. त्याने संध्याकाळच्या भागात बोट ठेवलं, खाली नेलं, वेळ वाचली. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. रंगांबद्दल सरांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि उन्हाचं कारण त्यांना पटलं. मॅडमना मात्र बारा तासांची पद्धत अजून मान्य नाही. त्यांचं म्हणणं, तिकिटावर आणि गाडीच्या कागदपत्रांवर चोवीस तास, मग फलकावर वेगळं का? बाहेरगावचा प्रवासी गोंधळेल. हा मुद्दा खरा आहे. दिवसाच्या भागाचं शीर्षक वर ठळक असताना गोंधळ होणार नाही असं मला वाटतं, पण ‘वाटतं’ यापलीकडे आज माझ्याकडे काही नाही. मुक्कामी गाड्यांच्या भागाचं नाव ‘रात्र’ ठेवावं का, हेही राहिलं आहे. मुक्कामी म्हणजे रात्री गावात थांबून सकाळी परत येणारी गाडी, हे शहरातून येणाऱ्याला ठाऊक नसतं. तालुक्यातल्या माणसाला मात्र त्या एका शब्दात ‘आज रात्री परत येता येणार नाही’ ही सूचनाही मिळते. मला तो शब्द ठेवायचा आहे.

मॅडमनी आणखी एक विचारलं: वेळ बदलली तर? प्रत्येक वेळेची स्वतंत्र पट्टी करून ती खाचेत सरकवायची, अशी कल्पना मी कागदावर मांडली होती. कार्डबोर्डच्या प्रतिकृतीत ती चांगली सरकली. पण जुन्नरच्या पावसात कार्डबोर्ड काय करणार? आता ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एक तुकडा करून बघायचा आहे, वर्कशॉपच्या दादांनी पुढच्या बुधवारची वेळ दिली आहे. आगार व्यवस्थापकांच्या नावाने एक अर्जही लिहून ठेवला आहे. फलकाची एक प्रत फ्लेक्सवर काढून जुन्या फलकाच्या शेजारी आठवडाभर लावायची परवानगी मिळाली तर बारा की चोवीस हा वाद तिथल्या तिथे मिटेल. आजी म्हणाली आहे, बसायला मी येते.